खारकर आळीचा विश्राम आणि जर्मनीतलं अर्धं टेबल

ठाण्याच्या खारकर आळीत पानावर बसलेल्या माणसाने पहिल्यांदा 'नको' म्हटलं, तर त्याचा अर्थ तो चांगल्या घरचा आहे एवढाच होत असे. दुसऱ्यांदा 'नको' म्हटलं की वाढणारी बाई थबकून त्याच्याकडे कौतुकाने बघे. तिसऱ्यांदा त्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले, की आता याला खरोखरच हवं आहे असं समजून ती त्याच्या बोटांच्या फटीतून कानवला खाली सोडी. मग तो 'अहो, काय हे' असं म्हणे आणि कानवला संपवी. पहिल्याच विचारण्याला 'वाढा' म्हणणारा माणूस आळीत एकच होऊन गेला, आणि तोही मूळचा घाटावरचा होता असं जुनी माणसं खालच्या आवाजात सांगत.

या शास्त्रातल्या महामहोपाध्याय म्हणजे गंगुबाई टिपणीस. कल्याणला जाणारा पाहुणा त्यांच्याकडे घटकाभर टेकला तर त्याची गाडी चुकायचीच. त्यांचे यजमान महिपतराव मीठ खात्यात कारकून होते. खाडीकाठच्या मिठागरांत वावरून त्यांच्या जोड्यांना कायमची पांढरी किनार आली होती. जन्मभर त्यांनी साहेबापुढे 'होय साहेब' याखेरीज तिसरा शब्द काढला नव्हता, आणि घरी गंगुबाईंपुढे तेवढेही शब्द लागत नसत. या दोघांचा एकुलता एक मुलगा विश्राम. मुलगा हुशार, उंच, लाजाळू, आणि 'नको' म्हणण्यात आईच्या पूर्ण तालमीत तयार झालेला.

विश्राम मुंबईच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकला आणि पहिल्या वर्गात पास झाला. त्या सुमारास, म्हणजे अठराशे एकोणनव्वद साली, मुंबईच्या एका गिरणीवाल्या शेटजींची फार पंचाईत झाली होती. त्यांच्या कापडाचा रंग गिऱ्हाइकाच्या अंगाला लागे, अंथरुणाला लागे, शेजारच्या धोतराला लागे. फक्त कापडाला लागून राहत नसे. पक्के रंग जर्मनीत होतात असं त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा रंगांची विद्या तिथेच जाऊन शिकून येईल असा एतद्देशीय तरुण त्यांना हवा होता. कॉलेजातल्या प्रोफेसरांनी विश्रामचं नाव सुचवलं. शेटजींनी त्याला पेढीवर बोलावून विचारलं, आणि विश्राम मान खाली घालून म्हणाला की माझ्याहून लायक मुलं पुष्कळ आहेत. शेटजींनी पुन्हा विचारलं. विश्रामने पुन्हा नकार दिला. तिसऱ्यांदा शेटजींनी त्याच्या हातावर नारळच ठेवला, तेव्हा विश्राम 'आपली आज्ञा' म्हणून पाया पडला. म्हणजे आईचं शास्त्र बोरीबंदरापर्यंत बिनचूक चाललं.

शेटजींनी मात्र एक अट घातली. तिथल्या प्रोफेसराच्या रंगशाळेत, म्हणजे रंगांच्या प्रयोगशाळेत, काम करायची जागा नाताळच्या आत मिळाली पाहिजे. नुसती व्याख्यानं ऐकून कापड रंगत नाही, असं शेटजींचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. जागा मिळाली नाही तर पुढच्या बोटीने परत यायचं, आणि मग दुसरा मुलगा पाठवायचा.

आळीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, समुद्र ओलांडला की पोरगा बाटला. दुसरा तट म्हणाला, बाटेल खरा, पण येताना काय काय घेऊन येईल ते बघू. गंगुबाईंनी दोन्ही तटांना ओटीवर बोलावून निनावाच्या गोड वड्या खाऊ घातल्या आणि सांगितलं, "ज्याला बाटायचं असतं तो भायखळ्याला जाऊनसुद्धा बाटतो. माझा विश्राम शिकून येणार आहे. आला की बघा." एवढं बोलल्यावर त्या पोराला रिकाम्या हाताने परत येण्याची सोयच उरली नाही.

बोट ट्रिएस्ट बंदराला लागली. तिथून आगगाडीने तो सॅक्सनीतल्या एका गिरण्यांच्या गावी पोचला. त्या गावाचं नाव विश्रामला पहिलं वर्षभर नीट उच्चारता येत नव्हतं आणि ठाण्यात तर ते कुणालाच कधी आलं नाही; आळीत त्याला शेवटपर्यंत 'विश्रामचं गाव' असंच म्हणत. प्रवासात युरोपबद्दल त्याचं पहिलं मत असं झालं की तिथल्या गाड्यांना मुळीच गर्दी नसते. डब्यात शिरणारा प्रत्येक माणूस दोन श्वास घेऊन पुढच्या डब्यात जात होता. आईने पेटीत बांधून दिलेल्या सोड्यांचा, म्हणजे वाळवलेल्या सोललेल्या कोलंबीचा, हा प्रताप असेल, हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं. त्याला तर त्या वासाने भूक लागत होती.

एक म्हातारा गृहस्थ तेवढा टिकला, कारण त्याला पडसं झालं होतं. तो दिवसभर विश्रामच्या समोर बसला आणि त्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, वडील काय करतात, किती भाऊ, लग्न झालं का, यातलं काहीच विचारलं नाही. उतरताना फक्त टोपीला हात लावला. आपल्या हातून त्या सद्गृहस्थाचा काय अपमान झाला असेल याचा विचार विश्राम पुढची चार स्टेशनं करत होता.

उतरायची सोय लिंकेबाई नावाच्या एका विधवेच्या घरी झाली. बाईंचा नवरा लष्करात सार्जंट होता, आणि तो गेल्यावर त्याचा आवाज बाईंकडे राहिला होता. पहिल्या रात्री खोलीत एका पलंगावर ढगासारखी फुगलेली पिसांची गादी दिसली. विश्राम तिच्यावर चढून झोपला आणि अंगावर आपली शाल घेतली. सकाळी बाईंनी दार उघडलं तेव्हा तो निळा पडला होता. तो ज्याच्यावर झोपला होता ते पांघरूण होतं. बाईंनी त्याला उचलून आत घातलं, वर ते पांघरूण दाबलं आणि ऊन दूध पाजलं. या देशात माणसाने गादीच्या खाली झोपायचं असतं, हा विश्रामचा पहिला धडा.

दुसरा धडा विद्यालयातला, पायांचा. प्रोफेसर हार्टविग वर्गात आले आणि सगळी मुलं दोन्ही पाय जमिनीवर आपटू लागली. धरणीकंप असावा असं वाटून विश्राम आपली टोपी घेऊन दरवाज्यात जाऊन उभा राहिला. मग शेजारच्याने सांगितलं की हा गुरूचा सत्कार आहे. आपल्याकडे गुरूच्या पायावर डोकं ठेवतात, इथे स्वतःचेच पाय आपटतात. पण पायांवाचून सत्कार होत नाही हे दोन्हीकडे सारखंच, असं ठरवून त्यानेही थोडे आपटले. घरून निघताना घेतलेले नवे बूट होते, आवाज बरा झाला.

हार्टविगसाहेबांसारखं शिकवणं मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. डांबरासारख्या काळ्या घाणीतून ते बाटलीमागून बाटली लाल, निळे, जांभळे रंग काढत आणि एखाद्या रंगाबद्दल आपल्याला माहीत नसलं तर 'हे मला माहीत नाही' असं फळ्याकडे पाहून मोठ्याने सांगत. एवढा मोठा माणूस असं बोलल्यावर विश्रामला मुंबईतल्या आपल्या काही सर्वज्ञ मास्तरांची आठवण होऊन हसू येई. ही विद्या आपल्याला आली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटू लागलं. आता तो शेटजींच्या अटीसाठी नव्हे, तर त्या बाटल्यांसाठी तिथे बसत होता.

खरी गडबड जेवणाच्या टेबलावर झाली. लिंकेबाईंकडे कास्पर नावाचा आणखी एक विद्यार्थी होता. तो स्वित्झर्लंडच्या डोंगरातला, आडवा, गुलाबी आणि नेहमी भुकेला असे. पहिल्या दिवशी बाईंनी बटाट्यांचं भांडं पुढे करून विश्रामला आणखी हवेत का म्हणून विचारलं. विश्राम चांगल्या घरचा होता. तो 'नको' म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसला. भांडं कास्परकडे गेलं. कास्परने ते रिकामं केलं.

पहिला दिवस आहे, बाई अजून मोकळ्या झाल्या नसतील, असं विश्रामला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी आपलाच नकार कच्चा पडत असेल म्हणून त्याने पानावर, म्हणजे बशीवर, दोन्ही हात आडवे धरले. बाईंनी ते पाहिलं आणि चौथ्या दिवसापासून त्याला मुळातच कमी वाढू लागल्या. सूप गेलं, अंडी गेली, पाव गेला. सगळं 'नको'च्या वाटेने कास्परकडे गेलं. विश्रामच्या कमरपट्ट्याला नवी भोकं पडू लागली. लिंकेबाईंनी शेजारणींना सांगितलं की आपल्याकडे हिंदुस्थानचा एक तत्त्वज्ञ राहतो आणि तो जवळजवळ हवेवर जगतो. शेजारणी त्याला बघायला येऊ लागल्या. त्या येताना केक आणत आणि हवा का म्हणून विचारत, आणि आमचा तत्त्वज्ञ नम्रपणे 'नको' म्हणे.

अशा अवस्थेतही त्याचं काम सुरेख होत होतं. पूर्वतयारीच्या वर्गात त्याचे प्रयोग सगळ्यांत नेटके निघत. नाताळ जवळ आला. एक दिवस हार्टविगसाहेबांनी सगळ्या वर्गादेखत त्याला पुढे बोलावलं.

"टिपणीस, माझ्या रंगशाळेत एक टेबल मोकळं झालं आहे. आपण घ्याल का?"

ज्यासाठी समुद्र ओलांडला, ते भांडं भरून पुढे आलं होतं. विश्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. खारकर आळीचे सगळे संस्कार त्याच्या आत एकदम उठून उभे राहिले, आणि त्यांच्या वतीने तो मान खाली घालून म्हणाला, "नको, साहेब. माझी तेवढी योग्यता नाही."

आणि मोठ्या आनंदाने दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला.

हार्टविगसाहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, 'बरं' म्हणाले आणि कास्परला विचारलं. कास्पर 'हो' म्हणाला.

त्या दिवशी जेवताना विश्रामने बशीला हातच लावला नाही. ही तत्त्वज्ञानाची मर्यादा झाली असं वाटून लिंकेबाईंनी सार्जंटच्या आवाजात कारण विचारलं. त्याने रडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं.

"पण तुम्हीच नको म्हणालात ना?" बाई म्हणाल्या.

"मी एकदाच म्हणालो."

"मग किती वेळा म्हणायचं असतं?"

विश्रामने त्यांना आळीचं शास्त्र समजावून सांगितलं. पहिला नकार कशासाठी, दुसरा कशासाठी, आडवे हात कशासाठी, आणि यजमानीण मग काय करते. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

"म्हणजे," त्या फार हळू आवाजात म्हणाल्या, "बटाटेसुद्धा?"

"हो."

"आणि अंडी?"

"अंडीसुद्धा."

कास्पर तोंडातला घास तसाच ठेवून छताकडे बघू लागला. बाई उठल्या, आतून सगळं पातेलंच घेऊन आल्या, त्याच्यासमोर ठेवलं आणि काहीही न विचारता त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. ठाणं सोडल्यापासून विश्राम पहिल्यांदाच आईच्या हातचं जेवल्यासारखा जेवला. जेवण झाल्यावर बाईंनी त्याच्या कोटावर ब्रश फिरवला आणि रविवारी प्रोफेसरांच्या घरी जाऊन हे सगळं सांगायचं असा हुकूम दिला.

त्या देशात न बोलावता रविवारी कुणाच्या घरी जाणं म्हणजे आपल्याकडे सोवळ्यात असलेल्या माणसाला मिठी मारण्यासारखं आहे. तरी विश्राम गेला. हार्टविगसाहेब दारात आले आणि त्याचं बोलणं त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं.

"आमच्या गावी पहिला नकार मोजत नाहीत, साहेब," विश्राम म्हणाला.

"इथे मोजतात," साहेब म्हणाले. टेबल दिलं गेलं आहे आणि आता दुसरं टेबल नाही, असंही त्यांनी सांगितलं.

इथे 'नाही' म्हणजे नाहीच, हे विश्रामच्या बुद्धीला आता पक्कं कळलं होतं. पण त्याची बुद्धी तेवढी जर्मनीत येऊन पोचली होती. बाकीचा माणूस अजून ठाण्याचा होता, आणि ठाण्याच्या माणसाला समोरच्याच्या पहिल्या नकाराने काहीही होत नाही. जन्मभर ज्याने फक्त आग्रह करून घेतला होता, तो आता आग्रह करायला बसला. टेबल नसेल तर खिडकीची फळी चालेल. साहेब नाही म्हणाले. मग कोपऱ्यात उभं राहून काम करीन. साहेब नाही म्हणाले. मग सगळ्यांच्या बाटल्या धुवीन आणि सगळे गेल्यावर माझं काम करीन. साहेब नाही म्हणाले, पण आता त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली होती, कारण उभं राहून त्यांचे पाय दुखायला लागले होते. गंगुबाईंनी हा प्रसंग पाहिला असता तर त्यांना धन्य वाटलं असतं. विश्राम त्यांच्याच सुरात बोलत होता: एवढंच घ्या, थोडंसंच, माझ्यासाठी.

इतक्यात साहेबांच्या पत्नी कॉफी आणि केक घेऊन आल्या आणि त्यांनी विश्रामला केक हवा का म्हणून विचारलं.

"हो," विश्राम त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला. "मोठा तुकडा द्या."

साहेब हसले. फार मोठ्याने हसले. आतून स्वयंपाकीण बघायला आली, एवढ्या मोठ्याने. मग डोळे पुसून ते म्हणाले की जो माणूस आठवड्याभरात एवढं शिकतो त्याला घालवून देणं बरं नाही, पण टेबल काही त्यांच्या खिशात नाही. उद्या रंगशाळेत यावं. कुणी आपणहून अर्धं टेबल दिलं तर त्यांची हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी हार्टविगसाहेबांनी रंगशाळेत हे जाहीर केलं. मुलं एकमेकांकडे बघू लागली. ती टेबलं मुळातच अरुंद होती. एकाने काचेची नळी धुवायला घेतली, दुसऱ्याला अचानक बुटाचा बंद सुटल्याचं दिसलं. विश्राम दाराजवळ उभा होता. पुढची बोट कधी सुटते ते त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. ओटीवर दोन्ही तट बसले आहेत आणि आई आत काहीतरी तळते आहे, पण बाहेर येत नाही, असं त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर बाटल्या सरकवल्याचा आवाज झाला. कास्पर आपलं सगळं सामान दोन्ही हातांनी एका बाजूला ओढत होता.

"ये इकडे," कास्पर म्हणाला. "तुझे बटाटे सगळे मीच खाल्ले ना."

विश्राम गेला. धन्यवादसुद्धा न म्हणता गेला, कारण तेवढ्या वेळात कुणी विचार बदलेल अशी त्याला भीती वाटत होती. सगळ्या मुलांनी पाय आपटले. या खेपेला तो दरवाज्याकडे धावला नाही.

त्या अर्ध्या टेबलावर त्याने पुढे जे काम केलं त्याबद्दल लिहिताना माझी लेखणी थोडी फुगते; तिला माफ करावं. त्याने तांबडा रंग धरला. सुती कापडावर तो पक्का बसवणं हे तेव्हा भल्याभल्यांना जड जाई. कितीतरी तुकडे फिके आले, कितीतरी विटकरी झाले, एकदा तर रंग कास्परच्या शर्टावरच पक्का बसला आणि कापडावरून मात्र निघून गेला. विश्रामचे हात कोपरापर्यंत लाल असत. शेजारणी आता त्याला खाटीक म्हणत, आणि केक दोनदा विचारत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याचा एक तुकडा साबणात उकळला, धुण्याच्या सोड्यात उकळला, आठ दिवस उन्हात टांगला, आणि हार्टविगसाहेबांनी तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला. मग त्यांनी तो दाराजवळच्या काचेच्या कपाटात ठेवला, जिथे रंगशाळेचे उत्तम नमुने ठेवत. खाली चिठ्ठी लावली: टिपणीस, ठाणे. कपाट बघायला आलेले कारखानदार 'हे ठाणे कुठे आलं' म्हणून विचारू लागले. रोमचे, पॅरिसचे बादशहा त्या देशाने पुष्कळ पाहिले होते, पण खारकर आळीचं नाव काचेआड जाण्याची ही पहिलीच वेळ असावी. शेटजींनी तार करून कळवलं की हवा तितका काळ राहा.

विश्रामने त्याच रंगात मलमलीचं एक लांब थान रंगवलं आणि बोटीने दादांकडे, म्हणजे महिपतरावांकडे पाठवलं. वर्ष उलटून वैशाख आला होता. महिपतरावांनी त्या कापडाचं पागोटं बांधलं आणि कचेरीत गेले.

वैशाखात ठाण्याच्या कचेऱ्यांत एक गंमत असे. बहुतेकांची पागोटी कुसुंबी रंगाची, आणि तो रंग फार सालस, घामाच्या पहिल्या थेंबाबरोबर खाली उतरणारा. दुपार झाली की सगळे कारकून कपाळावर गुलाल लावल्यासारखे दिसत, आणि कुणी कुणाला हसत नसे. त्या दुपारी साहेब पाहणी करत आला. टेबलामागून टेबल लाल कपाळं बघत बघत तो महिपतरावांपाशी थांबला. महिपतराव घामाने निथळत होते आणि कपाळ कोरं होतं.

हे पागोटं विलायतेहून मागवलं काय, असं साहेबाने विचारलं.

"नाही साहेब," महिपतराव म्हणाले.

सगळ्या कारकुनांनी माना वर केल्या. महिपतराव साहेबाला 'नाही' म्हणाले होते.

"माझ्या विश्रामने रंगवलंय," ते म्हणाले.

एवढ्यावर ते थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण त्या दिवशी महिपतराव आवरत नव्हते. साहेबासमोर उघड्या डोक्याने उभं राहणं ही कल्पनाही ज्यांनी आयुष्यात केली नव्हती, त्यांनी पागोटं उतरवलं, कोपऱ्यातल्या मडक्यात त्याचं टोक बुडवलं आणि साहेबाच्या पुढ्यात धरून दोन्ही हातांनी पिळलं. साहेबाने नकळत तळवा पुढे केला. त्याच्या गोऱ्या तळव्यावर पडलेलं पाणी मडक्यातल्या पाण्याइतकंच स्वच्छ होतं. सगळी लाल कपाळं ते बघायला टेबलं सोडून पुढे आली होती.